भिंत ओळखा, मग स्क्रू आणा: फ्रेम केलेलं पोस्टर पक्कं टांगायचं कसं

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "फ्रेम टांगायला काहीतरी द्या" म्हटलं, की दुकानदार डब्यातले चार स्टीलचे खिळे कागदात गुंडाळून पुढे करतो. त्याचा दोष नाही. भिंत कसली, फ्रेम किती जड, तिच्या मागे कडी कुठली, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. कॅलेंडरला तो खिळा पुरतो. काच लावलेल्या मोठ्या पोस्टरला मात्र दुकानात जाण्याआधी थोडी चौकशी करावी लागते, आणि ती घरातच होते.

उदाहरणादाखल जुन्या सिनेमाचं पोस्टर घेऊ. आपल्याकडच्या सिनेमाच्या पोस्टरचा नेहमीचा आकार 30 बाय 40 इंच. ते कडक फ्रेममध्ये बसवून दिवाणखान्यात लावायचं आहे. हे जमलं तर घरातली बाकीची पोस्टरं डोळे मिटून लागतील.

आधी वजन

3 मिलिमीटर जाडीची काच चौरस फुटाला साधारण 700 ग्रॅम भरते. 30 बाय 40 म्हणजे सव्वाआठ चौरस फुटांच्या वर, तेव्हा नुसती काचच पावणेसहा किलोच्या पुढे जाते. पाठीमागचा 3 मिमीचा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) आणि लाकडी पट्टी धरली की एकूण 9 किलोच्या आसपास. त्याच जागी 2 मिमीचं ॲक्रिलिक घातलं तर तेवढ्या आकाराला दोन किलोही भरत नाही आणि सगळी फ्रेम पाच किलोंत बसते. पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वर लावायचं असेल तर ॲक्रिलिकच घ्या. त्यावर चरे पडतात, कोरड्या हवेत धूळ चिकटते, हे खरं. पण खाली झोपणाऱ्याच्या डोक्याचा विचार आधी.

फ्रेम तयार असेल तर अंदाज बांधत बसू नका. वजनकाट्यावर एकदा नुसतं उभं राहा, मग फ्रेम हातात घेऊन. फरक तेवढं वजन.

फ्रेमची पाठ बघा

लोक भिंतीची काळजी करतात आणि फ्रेम सुटते ती पाठीकडून. स्वस्तातल्या फ्रेमला वरच्या बाजूला, मधोमध, एमडीएफवरच दोन बारीक खिळ्यांनी ठोकलेली एक छोटी पत्र्याची कडी असते. फोटोच्या फ्रेमला ती चालते. नऊ किलोंच्या फ्रेमला ती लावली तर सगळा भार 3 मिमीच्या पातळ पाठीवर येतो आणि पाठच हळूहळू पट्टीतून सुटू लागते. करवतीसारख्या दात्यांच्या पत्र्याच्या पट्टीचंही तसंच: हलक्या फ्रेमला ठीक, मोठ्या काचेला नाही.

फ्रेमवाल्याला सांगा, "दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांत डी-रिंग, आणि स्क्रूने." डी-रिंग म्हणजे इंग्रजी डीच्या आकाराची कडी बसवलेली पत्र्याची पट्टी. वरच्या कडेपासून उंचीच्या साधारण एक चतुर्थांश अंतरावर, दोन्हीकडे एकाच मापाला. स्क्रू पट्टीच्या जाडीपेक्षा आखूड हवा, नाहीतर टोक पुढून बाहेर येतं. फ्रेमची पट्टी लाकडाची नसून फायबरची असेल (हल्ली बहुतेक दुकानांत तीच दाखवतात) तर स्क्रूआधी बारीक भोक पाडायला लावा. थेट पिळला तर पट्टी तडकते.

दोन डी-रिंगांमध्ये तार बांधायची की नाही? छोट्या फ्रेमला तार सोयीची, एका स्क्रूवर भागतं. पण तार जितकी ताणून बांधाल तितका तिच्यावरचा ताण वाढतो. मधोमध टांगल्यावर तारेच्या दोन्ही बाजू आडव्याशी 30 अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक बाजूवर फ्रेमच्या पूर्ण वजनाएवढी ओढ येते. कोन 15 अंशांवर आला की जवळजवळ दुप्पट. म्हणून तार थोडी सैल ठेवा, आणि ती फ्रेमसाठी मिळणारी पिळाची धातूची तारच घ्या. सुतळी नको. नायलॉनची दोरी गाठीत सरकते. आपल्या 30 बाय 40 ला तारच नको: दोन डी-रिंगा थेट दोन स्क्रूंवर. भार वाटला जातो आणि पंख्याच्या वाऱ्याने फ्रेम तिरकी होत नाही.

भिंत कसली?

सगळी निवड इथे ठरते. बोटांच्या पेरांनी ठोकून थोडं कळतं, पोकळ वाजलं तर मागे बोर्ड आहे. पण खात्रीची खूण म्हणजे ड्रिलमधून येणारी भुकटी. फ्रेममागे झाकलं जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडा आणि खाली काय पडतं ते बघा.

पहिला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर बहुतेक घरांत गिलावाच असतो; सिमेंटचा असेल तर करडी वाळू, जिप्समचा असेल तर पांढरी, पिठासारखी मऊ भुकटी. तिच्यावरून काही ठरवू नका. पुढे काय येतं ते महत्त्वाचं.

लाल भुकटी आली की वीट. टांगायला सगळ्यात सोपी भिंत. लाल येता येता मध्येच करडी वाळू येऊन बिट भसकन आत गेलं, तर तुम्ही विटांमधल्या सांध्यात आहात. तिथे गिट्टी (भोकात ठोकायचा प्लास्टिकचा प्लग) नीट धरत नाही. इंचभर वर किंवा खाली सरका. कोकणात जांभ्याच्या घरातही भुकटी लालसर-तपकिरीच येते, पण जांभा सच्छिद्र असतो. बिट एखाद्या पोकळीत शिरलं तर तिथेच जास्त लांब गिट्टी घालण्यापेक्षा जागा बदलणं बरं.

पांढुरकी-करडी, भरड भुकटी आणि ड्रिल लोण्यासारखं आत जात असेल, तर एएसी ब्लॉक. बांधकामावर याला सिपोरेक्स म्हणतात. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या इमारतींमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा याच्याच असतात. हा ब्लॉक मऊ आणि हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला. स्टीलचा खिळा यात सुरेख घुसतो आणि तितकाच सुरेख बाहेर येतो.

करडी, बारीक भुकटी आणि ड्रिल जागचं हलत नाही, नुसतं किंचाळतं: काँक्रीट. जुन्या इमारतीत हे कॉलम-बीमवर होतं. मुंबई-पुण्यातल्या नव्या टॉवरमध्ये मात्र मायवान पद्धतीचं (साच्यात भिंती ओतायचं) बांधकाम असेल तर घरातल्या जवळपास सगळ्याच भिंती काँक्रीटच्या. घरगुती ड्रिल इथे तासभर घेतं आणि बिट जाळतं. रोटरी हॅमर असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याचं दोन मिनिटांचं काम आहे. भोक पाडताना अचानक कठीण लागून बिट अडलं आणि चकचकीत कीस दिसला तर सळई लागली. जोर लावू नका, इंचभर बाजूला घ्या.

वाड्यातली किंवा जुन्या चाळीतली चुन्याच्या गिलाव्याची भिंत असेल तर गिलावा जाड आणि भुसभुशीत असू शकतो. लांब स्क्रू हवाच. ड्रिलचा हॅमर (फिरता फिरता ठोके देण्याची सोय) चालू ठेवून भोक पाडलं तर भोकाभोवतीचा पोपडा पडेल, तेव्हा सावकाश, हॅमर बंद ठेवून.

कुठल्या भिंतीला काय

प्लास्टिकच्या प्लगला आपल्याकडे गिट्टी म्हणतात. काही दुकानदार रावल प्लग म्हणतात. पूर्वी इलेक्ट्रिशियन लाकडाचे गुल्ले तासून भोकात ठोकायचे, त्याचंच हे सुधारलेलं रूप. स्क्रू पिळला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांना घट्ट धरते. मात्र ती फुगायला हवी विटेत किंवा काँक्रीटमध्ये. ती गिलाव्यातच राहिली तर गिलाव्याचा तुकडा घेऊन बाहेर येते, आणि लोक म्हणतात गिट्टी खराब होती.

वीट आणि काँक्रीटला 6 मिमीचं बिट, 6 मिमीची नायलॉनची गिट्टी आणि 8 नंबरचा स्क्रू. गिलावा पातळ असेल तर 38 मिमी म्हणजे दीड इंची, नाहीतर 50 मिमीचा. आपल्या नऊ किलोंना असे दोन स्क्रू भरपूर झाले. दुकानात "8 नंबर, 50 चा" एवढं म्हटलं की कळतं. समुद्राजवळच्या घरात एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा मागा. साधा स्क्रू गंजून भिंतीवर तपकिरी ओघळ उतरतो.

सिपोरेक्सला 8 मिमीची लांब नायलॉन गिट्टी, निदान 60 मिमीची, आणि 10 नंबरचा तेवढाच लांब स्क्रू. ड्रिलचा हॅमर बंद. बिट गिट्टीपेक्षा अर्धा-एक मिमी बारीक घ्या म्हणजे गिट्टी आवळून बसते. स्क्रू पिळताना घट्ट झाल्यावर थांबा. आणखी एक वेढा दिला की आतला ब्लॉक पीठ होतो आणि स्क्रू गरगर फिरतो.

जिप्सम बोर्डच्या पार्टिशनला साधी गिट्टी निरुपयोगी. आतल्या धातूच्या चॅनेलवर स्क्रू गेला तर उत्तम. भिंतीवरून लोहचुंबक फिरवा, बोर्ड चॅनेलला मारलेले स्क्रू जिथे असतील तिथे तो चिकटतो. चॅनेल सोयीच्या जागी नसेल तर बोर्डामागे उघडणारा बटरफ्लाय किंवा टॉगल बोल्ट.

तीन-चार बारीक टोकांचे प्लास्टिकचे हुक मिळतात, हातोडीने ठोकायचे. दोन-अडीच किलोंच्या आतल्या फ्रेमला सिमेंटच्या गिलाव्यावर ते छान चालतात. जिप्समवर नाही. एल हुक फार लांब बाहेर आलेला घेऊ नका: फ्रेम भिंतीपासून जितकी दूर, तितकी हुक उपटणारी ओढ जास्त.

आणि फार जड काही असेल, पंधरा किलोंच्या वरचं, तर सुताराकडून एक पट्टी लांबीने 45 अंशांत चिरून घ्या. अर्धी भिंतीवर चार-पाच स्क्रूंनी, उतार भिंतीच्या बाजूला. अर्धी फ्रेमच्या पाठीला उलटी. एकीवर एक बसते आणि भार सगळ्या लांबीवर पसरतो. प्लायच्या दुकानातले उरलेले तुकडे पुरतात.

भोक कुठे

पोस्टरचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटीमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेसमोर राहतं. सोफ्यावर बसूनच बघायचं असेल तर थोडं खाली घ्या. हिशेब असा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा फ्रेमच्या वरच्या कडेपासून डी-रिंग जिथे स्क्रूवर टेकते तिथपर्यंतचं अंतर. फ्रेम बाहेरून 108 सेंमी उंच आणि कडी 27 सेंमी खाली असेल तर 145 + 54 − 27 = 172 सेंमी.

दोन भोकं सारखी यावीत म्हणून मोजायची टेप धरून खुणा करू नका, चुकतं. फ्रेम पालथी घाला. एका डी-रिंगपासून दुसऱ्यापर्यंत कागदी मास्किंग टेप ताणून चिकटवा, दोन्ही कड्यांच्या वरच्या कमानीत पेनाने ठिपका द्या. मग तीच टेप सोलून भिंतीवर 172 च्या खुणेला लावा, पाणसळ धरून आडवी करा आणि ठिपक्यांवरच ड्रिल चालवा. टेपमुळे रंगाचे टवकेही उडत नाहीत. भोकाखाली एक जुनं पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटवलं की भुकटी त्यात पडते; फरशी पुसावी लागत नाही.

ड्रिल लावण्याआधी वायरिंगचा विचार करा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, पाइप बहुधा तिथूनच गेलेले असतात. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या रेषेतही नाही. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडून ड्रिलला दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन घ्या.

भोक गिट्टीपेक्षा सेंटीमीटरभर खोल पाडा, फुंकून किंवा ब्लोअरने आतली भुकटी काढा (डोळे मिटून!), गिट्टी भिंतीच्या पातळीपर्यंत, जमलं तर गिलाव्याच्याही आत ठोका. स्क्रूचं डोकं 5-6 मिमी बाहेर ठेवा. फ्रेम लावण्याआधी स्क्रू हाताने खाली ओढून बघा. किंचितही हलला तर तो टांगण्याजोगा नाही. काडेपेटीच्या काड्या खुपसून कॅलेंडर टिकतं, काच नाही. भोक मोठं करून 8 ची गिट्टी घाला.

भाड्याचं घर असेल तर

चिकटवायच्या पट्ट्या, कमांड नावाने मिळतात तशा, हलक्या फ्रेमला चांगल्या आहेत, पण भिंतीवर अवलंबून. काळा कपडा भिंतीवर घासा. त्यावर पांढरं आलं तर तो डिस्टेंपर किंवा चुना. पट्टी रंगासकट सुटेल. गुळगुळीत प्लास्टिक पेंटवर स्पिरिटने पुसून, पाकिटावर लिहिलं आहे तितका वेळ दाबून आणि थांबून मगच फ्रेम लावा. पाकिटावरच्या वजनाच्या निम्मं धरा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तेवढंही नको. घरमालक भोकं पाडू देत असेल तर आधीच्या भाडेकरूची भोकं वापरा. सोडताना वॉल पुट्टीने बुजवून सँडपेपर मारला की झालं.

बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, पोस्टर लावलंच तर फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे छोटे गोल चिकटवा. मागून हवा खेळती राहते आणि बुरशी कमी धरते. पहिल्या पावसानंतर फ्रेम एकदा उतरवून तिची पाठ आणि दोन्ही स्क्रू बघून घ्या.