जाळ्यात कासव अडकलं? आधी मोबाईल, मग सुरी

कांडाळ जाळं ओढताना जड लागलं, वाटलं आज लॉटरी, आणि वर आलं कासव. आपल्या कोकणात यात नवीन काही नाही, त्यात नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला किनाऱ्याकडे येतात तेव्हा तर हे होणारच. अशा वेळी कोणी आधी जाळं वाचवायला बघितलं तर त्याला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही, जाळ्याचे भाव सगळ्यांना माहितीयेत. पण डिसेंबर 2018 पासून राज्य सरकारची योजना आहे, कासव, डॉल्फिन, बहिरी (व्हेल शार्क) असा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते. मोठ्या जाळ्याला हे पैसे पुरत नाहीत ते खरंय, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

पुरावा मात्र लागतो, म्हणून सुरी काढायच्या आधी मोबाईल काढा, लोकेशन ऑन करा आणि एका खलाशाला फक्त शूटिंगला उभा करा. जाळ्यात अडकलेलं कासव आणि बोटीचा नंबर, मग जाळं कापताना, मग कासव पाण्यात जाताना, सगळं दिसलं पाहिजे. कापलेलं जाळं समुद्रात टाकू नका हां, ते तिथे मासे मारतच राहतं, आणि तुमचा पुरावाही बुडतो.

कासवाला वल्ह्यासारखे पाय धरून उचलायचं नाही, कवच दोन्ही बाजूंनी धरायचं. गळ रुतला असेल तर ओढाओढ नको, दोरी जमेल तितकी जवळून कापा. सोडताना इंजिन न्यूट्रलला आणि आजूबाजूला जाळं नको.

कधीकधी कासव एकदम थंड पडलेलं असतं, मान टाकलेली, हालचाल नाही, आणि आपण म्हणतो मेलं, टाका पाण्यात. थांबा! पाण्याखाली अडकून श्वास कोंडला की ते बेशुद्ध पडतं, तसंच टाकलंत तर बुडून मरेल. पोटावर ठेवा, मागची बाजू फळी घालून वीतभर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं, सावलीत ठेवा, अंगावर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. शुद्धीवर यायला कधीकधी 24 तासही लागतात. जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 ला फोन करा, डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे. केस होईल म्हणून घाबरू नका, गुन्हा मारण्याविकण्याचा आहे, सोडवण्याचा नाही.

बहिरी अडकला तर त्याला बोटीजवळ आणायच्या भानगडीत पडू नका आणि शेपटीला दोर तर अजिबात बांधू नका, पाण्यातच जाळं कापा, तो आपला आपण जातो.

किनाऱ्याला लागलात की उशीर न करता मत्स्यव्यवसाय विभागाचं ऑफिस गाठा, बोटीचं रजिस्ट्रेशन, परवाना, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स सोबत ठेवा, व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये द्या, मोबाईलमधलाही डिलीट करू नका. आणि अर्जाची तारखेच्या शिक्क्यासकट पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.