जॅकी रॉबिन्सनचं जुनं कार्ड घ्यायचंय? आधी फूटपट्टी आणा

१५ एप्रिल १९४७ला बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरला आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगबाहेर, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉलबाहेर ठेवणारी अनेक दशकांची अलिखित बंदी मोडली. त्याच्या खेळत्या काळात छापलेलं, त्याचं चित्र असलेलं कार्ड हवं असणारे आज भरपूर आहेत. पोरांच्या खिशांतून आणि सायकलच्या तारांतून वाचलेली कार्डं मात्र मोजकी.

आधी कोणतं कार्ड हवं ते ठरवा. पर्याय मुख्यतः चार. १९४७ची बाँड ब्रेडची १३ कार्डं, सगळी रॉबिन्सनचीच, पावाच्या जाहिरातीसाठी काढलेली. मग लीफ कंपनीचं १९४८चं कार्ड, क्रमांक ७९, पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर हसरा चेहरा. बोमन कंपनीचं १९४९चं, क्रमांक ५०. आणि टॉप्स कंपनीचं १९५२चं, क्रमांक ३१२.

इथे विक्रेते ‘दुर्मीळ’ हा शब्द फार सैल हाताने वापरतात. टॉप्सच्या १९५२च्या कार्डांची शेवटची मालिका हंगाम सरता सरता आली, खपली नाही, आणि उरलेला माल १९६०मध्ये कंपनीच्या साय बर्गर यांनी न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात बुडवला. ही गोष्ट प्रत्येक विक्रेत्याच्या टेबलावर ऐकायला मिळते. मात्र ३१२ क्रमांक त्या मालिकेत इतरांच्या दुप्पट छापला गेला होता, हे कुणी आपण होऊन सांगत नाही. लीफच्या ९८ कार्डांपैकी ४९ कमी छापलेली. रॉबिन्सन त्यांत नाही, त्याची किंमत चढते ती मागणीमुळे. खरी टंचाई हवी असेल तर त्याच संचातलं सॅचेल पेजचं ८ क्रमांकाचं कार्ड शोधा. नीग्रो लीग, म्हणजे कृष्णवर्णीयांची वेगळी बेसबॉल लीग, गाजवून हा गोलंदाज १९४८मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आला. खिशाची तयारी मात्र तशीच ठेवा.

मग मोजा. लीफ साधारण ६० बाय ७३ मिलिमीटर, बोमन ५२ बाय ६३.५, टॉप्स ६७ बाय ९५. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरवर गाडी अडते ती अशी: मी पहिलं बोमन एका प्रदर्शनात घेतलं. कडा इतक्या धारदार की हरखूनच गेलो. घरी पट्टीवर ठेवलं तर उंची जेमतेम ६२. झिजलेली कड कुणीतरी ब्लेडने साफ केली होती! कार्ड अस्सल, पण किंमत धुळीला. तेव्हापासून सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या कार्डाचे कोपरे गोलावलेले दिसले नाहीत की मला आधी संशय येतो.

भिंग लावा. दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसं. नावाची अक्षरं बघा. अस्सल कार्डात काळी शाई सलग बसलेली असते. मूळ कार्ड स्कॅन करून छापलेल्या नकलेत तीच अक्षरं रंगीबेरंगी ठिपक्यांची बनलेली दिसतात आणि कडा विरलेल्या. लीफमध्ये रंग जागेवरून सरकलेला असेल तर घाबरू नका, ती छपाईच तशी ओबडधोबड होती. अतिनील टॉर्चखाली कागद पांढराशुभ्र चमकला तर मात्र तो बहुतेक अलीकडचा.

नवख्याने सुटं कार्ड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. पीएसए किंवा एसजीसी या कार्डं तपासून श्रेणी देणाऱ्या कंपन्यांनी तपासून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घातलेलं घ्या. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. डबीवरचा अनुक्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पडताळा, आणि तिथे फोटो असेल तर डाग-सुरकुत्या जुळवून पाहा, कारण डब्यासुद्धा खोट्या निघतात. श्रेणी १ ते १०. आकड्याऐवजी ‘ऑथेंटिक’ लिहिलं असेल तर कार्ड खरं, पण बहुधा कापलेलं किंवा डागडुजी केलेलं.

श्रेणी १ किंवा २ला नाक मुरडू नका. मधोमध घडी पडलेलं, पण चेहरा स्वच्छ असलेलं कार्ड मला पॉलिश केलेल्या ५पेक्षा केव्हाही प्यारं. तरीही लीफ असेल तर काही हजार डॉलर मोजावेच लागतील.

भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत विसरा. त्याच श्रेणीची कार्डं गेल्या काही महिन्यांत लिलावात खरोखर कितीला गेली ते पाहा, आणि लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन त्यात धरा. ते २० टक्क्यांच्या घरात असू शकतं, आणि बोली लावण्याच्या भरात नेमकं तेच विसरायला होतं.

घरी ऊन लागणार नाही अशा कोरड्या कपाटात ठेवा. देशात आणलंत तर कोकणातल्या पावसाळ्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या लागतील. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून सगळं लॅमिनेट करायची हौस असते. इथे ती आवरा. तापवून चिकटवलेलं प्लास्टिक कार्डाचा थर घेऊनच सुटतं.