जुनं पिनबॉल मशीन पेटत नाही, तेव्हा वीज कुठे अडली ते शोधा

मशीन मेलं की लोक आधी मुख्य बोर्ड काढून बसतात. माझा आग्रह उलटा आहे. भिंतीतल्या सॉकेटपासून निघा, मीटर हातात ठेवा आणि वीज जिथे हरवते तिथे थांबा. पुढचे आकडे बॅली या अमेरिकन कंपनीच्या १९७७ ते १९८५ दरम्यानच्या इलेक्ट्रॉनिक मशीनचे आहेत, माझ्याकडे तीच जास्त येतात.

ही मशीनं अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर चालायची. आपल्याकडे एकतर २३० चे १२० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावतात, नाहीतर मशीनमधल्या ट्रान्सफॉर्मरचे जंपर, म्हणजे जोडतारा, बदलतात. दुसरा मार्ग चांगला, पण जंपर बदलणारे एक गोष्ट हमखास विसरतात: मेन्सवरचा व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज शोषणारा भाग. तो १२० व्होल्टच्या हिशोबाचा असतो, २३० देताच फुटतो आणि मेन फ्यूज घेऊन जातो. तिथे २७५ व्होल्टचा बसवा आणि मेन फ्यूजचा अँपिअर निम्मा करा. पेठेतल्या जुन्या घरात सॉकेटचं अर्थिंगही तपासा. लोखंडी कडा आणि पुढचं दार अर्थला जोडलेलं नसेल तर बाकी काही करू नका, आधी ते करा.

पहिल्यांदा वीज थेट देऊ नका. २०० वॅटचा तारेचा पिवळा बल्ब मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये घ्या आणि रेक्टिफायर बोर्डावरचे (एसीचं डीसी करणारा बोर्ड) सगळे फ्यूज काढून ठेवा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ट्रान्सफॉर्मर धड आहे. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट आहे. मग एकेक फ्यूज घाला, दर वेळी स्विच बंद करून. दिव्यांच्या फ्यूजला बल्ब थोडा पेटणारच, तो दिव्यांचा लोड. दुसऱ्या एखाद्या फ्यूजला लख्ख पेटला तर त्या लाइनचा ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा संच) मीटरच्या डायोड मोडवर मोजा.

फ्यूज जागेवर ठेवून मोजू नका. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधूनही बीप वाजतो. बाहेर काढा, क्लिपा बघा. ढिल्या आणि तपकिरी पडल्या असतील तर नवा फ्यूजही तापेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, फ्यूज मागताना ३२ मिलिमीटरचा मागा, नुसतं 'काचेचा' म्हटलं तर २० मिलिमीटरचा हातात पडतो. रेटिंग मशीनमधल्या कार्डावर छापलंय तेच घ्या. जास्त अँपिअरचा घातलात तर फ्यूज वाचेल आणि चेंडू उडवणारी कॉइल जळेल.

फ्यूज ठीक असूनही पुढे वीज जात नसेल तर दोष बहुधा कनेक्टरमध्ये. बोर्ड उलटा करून उजेडात तिरका धरा. पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर दिसेल. नुसतं गरम करून भागत नाही. जुनं सोल्डर ओढून काढा, नवं भरा, आणि कनेक्टरच्या प्लास्टिक घरातली करपलेली टर्मिनलंही बदला.

आता ५ व्होल्ट. कॉइल चालवणाऱ्या सोलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावर एलएम३२३के रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) आहे, त्याला साधारण ११.९ व्होल्ट मिळायला हवेत आणि त्यातून ४.९ ते ५.१ निघायला हवेत. त्याच बोर्डावर डिस्प्लेचे १९० व्होल्टही आहेत. स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात, एक हात खिशात ठेवा, म्हणजे झटका छातीतून जाणार नाही. ५ व्होल्ट बरोबर असूनही मशीन मध्येच रीसेट होत असेल तर मीटर एसीवर घेऊन तिथेच रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, मोजा. पाव व्होल्टच्या आसपास दिसला की मोठा फिल्टर कपॅसिटर संपला. मूळचा ११,७०० मायक्रोफॅरडचा असतो, मी १५,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा बसवतो. आपल्या ५० हर्ट्झवर त्याला दोन भरण्यांमध्ये जास्त वेळ तग धरावा लागतो, म्हणून थकलेला कपॅसिटर इथे लवकर उघडा पडतो.

एवढं झालं की मुख्य बोर्डावरचा एलईडी बघा. सुरुवातीला एकदा चमकून मग सात वेळा लुकलुकायला हवा. सहावर थांबला तर बोर्डाला दोष देऊ नका. कॉइलचे ४३ व्होल्ट त्याच्यापर्यंत येत नाहीयेत. परत रेक्टिफायर बोर्डाकडे या.