गाडीच्या सबवूफरसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना या चुका टाळा

खोक्यावर ठळक छापलेला ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॅटचा आकडा पाहून अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नये. सतत किती शक्ती मिळेल हे आरएमएस आकड्यावरून कळते, आणि तोही किती ओहमच्या भाराला (स्पीकरच्या विद्युत रोधाला) दिला आहे हे पाहिल्याशिवाय निरुपयोगी आहे.

सर्वाधिक बिघाड ओहमच्या हिशेबात होतात. समजा, सबवूफरला (खोल बेस देणाऱ्या स्पीकरला) 4 ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) आहेत. त्या समांतर जोडल्यास 2 ओहम आणि एकसर जोडल्यास 8 ओहम भार तयार होतो. 2 ओहमचा भार चार चॅनेलच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन चॅनेलना ब्रिज करून (एकत्र जोडून) दिला, तर प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला जेमतेम 1 ओहम येतो; बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर ब्रिजमध्ये 4 ओहमपेक्षा कमी भार पेलत नाहीत, म्हणून आवाज वाढवताच ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागतो. उलट 8 ओहमवर अ‍ॅम्प्लिफायर सुखरूप राहतो, पण शक्ती खूपच कमी मिळते. म्हणूनच एका सबवूफरसाठी 2 ओहम पेलणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर) घेणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘क्लास डी’ या प्रकारातील ‘डी’ म्हणजे डिजिटल, हा समज चुकीचा आहे. या प्रकारात ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद होत असल्यामुळे उष्णतेत वाया जाणारी वीज कमी असते. 500 वॅट आरएमएस देताना 80 टक्के कार्यक्षमतेचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर 13.8 व्होल्टवर सुमारे 45 अँपिअर ओढतो, तर 55 टक्क्यांचा क्लास एबी हा दुसऱ्या प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे 66 अँपिअर. बेससाठी क्लास एबीचा आग्रह धरण्यात, म्हणूनच, फारसा अर्थ नाही. तो दारांतील स्पीकरना शोभतो.

गेन म्हणजे आवाजाची कळ नव्हे. तो हेडयुनिटच्या (गाडीतील म्युझिक सिस्टीमच्या) सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्यासाठी असतो, आणि पूर्ण वाढवल्यास लहरींचे माथे कापले जाऊन कॉइल जळू शकते. जळका वास आला, तर तत्काळ बंद करावे.

जोडणीत बॅटरीजवळच फ्यूज हवा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर घ्यायचीच असेल, तर ती अधिक जाड घ्यावी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली, तर अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी अर्थिंगच्या जागेचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडून बोल्ट घट्ट करावा आणि आरसीए केबल (आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवर केबलपासून गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.