मे महिन्यात वाईला भाड्याचं घर, तेही एसीशिवाय

आगाऊ पैसे भरण्याआधी घरमालकांना विचारा: खोली कितव्या मजल्यावर आहे आणि डोक्यावर थेट स्लॅब आहे का? बाकी सगळी तयारी यानंतरची. वाई-साताऱ्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जातो, पण हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच असल्यानं रात्री बाहेर बरं वाटतं. दिवसभर तापलेला स्लॅब मात्र रात्री उशिरापर्यंत खोलीत आग ओतत राहतो. म्हणून वरच्या मजल्यावरून डोंगर कितीही छान दिसत असले, तरी तळमजलाच घ्या. जुन्या वाड्यातली जाड भिंतींची खोली मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

खिडक्या समोरासमोर आहेत का, त्यांना जाळ्या आहेत का, हेही विचारून घ्या. जाळ्या नसतील तर मच्छरदाणी न्याच. नाहीतर डासांच्या भीतीनं रात्री खिडक्या लावल्या जातात आणि फुकटचा गारवा बाहेरच राहतो. ऊन चढायच्या आत खिडक्या-पडदे लावायचे, दिवेलागणीला सगळं सताड उघडायचं. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ओलं गोणपाट टांगता आलं तर फारच उत्तम, कारण ऊन काचेतून आत आलं की आतला पडदा फारसं काही करू शकत नाही.

कूलर असेल तर एक खिडकी उघडी ठेवूनच चालवा. वळीव पडून हवा दमट झाली की तो बंद करून नुसता पंखा लावा. वळवाच्या वाऱ्यात वीजही जाते, तेव्हा चार्जिंगचा छोटा पंखा आणि बॅटरी बॅगेत असू द्या. सुती चादरी, दोन-तीन पंचे, कोकम, सब्जा, ओआरएसची पाकिटं. माठ तिथेच बाजारात मिळेल.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांनी मागायची वाट न पाहता पाणी देत राहा, उतारवयात तहान नीट कळत नाही. अंग तापून कुणी असंबद्ध बोलू लागलं तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत अंगावर पाणी मारून वारा घाला.

मेणवलीचा नदीकाठचा घाट सकाळी लवकर पाहून घ्या. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, त्यामुळे दुपार तिकडे काढता येते. फक्त रविवार टाळा, वाटेतल्या पसरणीच्या घाटात गाड्यांच्या रांगेत भर उन्हात अडकून पडावं लागतं.