दोन ‘ला’, एक ‘टु’: इंग्रजी वाक्यात क्रियापद, सर्वनाम आणि धातुरूप कसे बसवावे

सोलापुरात चादरी आणि टॉवेलच्या दुकानात काम करणारी एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला शिकण्यासाठी येते. परराज्यातल्या व्यापाऱ्याचा फोन आला की ती सांगायची, ‘आय विल टेल टु हिम टु सेन्ड’. तिच्या मनातले वाक्य होते ‘मी त्याला पाठवायला सांगते’, आणि ते तिने एकही अक्षर न गाळता इंग्रजीत नेले होते. चूक झाली ती या प्रामाणिकपणापायीच. मराठी वाक्यात ‘ला’ दोनदा येतो, एकदा ‘त्याला’मध्ये आणि एकदा ‘पाठवायला’मध्ये. इंग्रजीत त्यांपैकी फक्त दुसऱ्याचा ‘टु’ होतो, कारण पहिला ‘हिम’ या रूपाच्या पोटातच असतो. म्हणून वाक्य होते ‘आय विल टेल हिम टु सेन्ड इट’. शेवटचा ‘इट’ आपल्याला उपरा वाटतो, कारण काय पाठवायचे ते मराठीत न सांगताही चालते. इंग्रजीत ते बोलून दाखवावे लागते.

तेव्हा मनात मराठी वाक्य आले की पहिले काम ‘ला’ मोजण्याचे, आणि त्यांतला कोणता सर्वनामाचा व कोणता क्रियापदाचा हे ठरवण्याचे. ‘त्यांना’मधला ‘ना’ हा ‘ला’चाच अनेकवचनी भाऊ असल्याने तोही मोजणीत धरावा. इंग्रजीत ‘आय’चे ‘मी’ (म्हणजे आपले ‘मला’), ‘ही’चे ‘हिम’, ‘शी’चे ‘हर’, ‘वी’चे ‘अस’ आणि ‘दे’चे ‘देम’ होते; ‘यू’ आणि ‘इट’ मात्र बदलत नाहीत. ही दुसरी रूपे क्रियापदाच्या मागोमाग येतात आणि सांगणे, विचारणे, हवे असणे अशा क्रियापदांनंतर त्यांच्या आधी ‘टु’ लागत नाही. ‘सांगणे’ म्हणजे इथे ‘टेल’. ‘से’ आणि ‘एक्स्प्लेन’ यांची तऱ्हा वेगळी आहे: ‘ही सेड टु मी’, ‘एक्स्प्लेन इट टु मी’. ही दोन क्रियापदे सरळ पाठ करावीत, त्यांत युक्ती शोधत बसू नये.

वाक्याच्या सुरुवातीचा ‘मला’ हे वेगळेच प्रकरण आहे. मराठीत ‘मला पाहिजे’ म्हणतात, सोलापुरातल्या तेलुगू घरांत ‘नाकु कावालि’ म्हणतात आणि कन्नड घरांत ‘ननगे बेकु’. म्हणजे शहरातल्या या तिन्ही भाषांत हवे असणारा माणूस मराठी ‘मी’ नसून ‘मला’ असतो. त्यामुळे ‘आय’ऐवजी इंग्रजी ‘मी’ घेऊन ‘मी वॉन्ट’ असे तोंडातून निघून गेले तर त्यात लाजण्यासारखे काहीच नाही, फक्त ते सुधारायचे आहे. पहिल्या क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची आहे आणि तिथे नेहमी ‘आय, ही, शी, वी, दे’ हीच रूपे बसतात, मग मराठीत त्या जागी ‘मला’ असो, ‘त्याने’ असो की ‘आम्हाला’ असो. ‘मला जायचे आहे’ याचे ‘आय वॉन्ट टु गो’ होते आणि ‘मला जावे लागले’ याचे ‘आय हॅड टु गो’ होते.

काळ दाखवण्याचे ओझे एकटे पहिले क्रियापद वाहते. ‘आय टोल्ड हर टु वेट’, ‘शी वॉन्टेड अस टु वेट’, ‘ही आस्क्स देम टु वेट’ या तिन्ही वाक्यांत ‘वेट’ जसेच्या तसे आहे. ‘आय वॉन्टेड टु वेन्ट’ ही चूक भूतकाळ दोनदा मोजल्याने होते. नकारार्थी वाक्यात ‘नॉट’ कुठे बसतो यावर अर्थच फिरतो: ‘ही टोल्ड मी नॉट टु गो’ म्हणजे जाऊ नको असे त्याने बजावले, तर ‘ही डिडन्ट टेल मी टु गो’ म्हणजे जा असे तो म्हणालाच नव्हता.

आता क्रियापदाला ‘ला’ नसतो अशी वाक्ये घेऊ. ‘त्याला जाऊ दे’, ‘ती येऊ शकते’, ‘असे करू नको’ यांत क्रियापद ‘ऊ’ने संपते, आणि इंग्रजीतही ‘टु’ येत नाही: ‘लेट हिम गो’, ‘शी कॅन कम’, ‘डोन्ट डू दिस’. हा मेळ इतका सुरेख आहे की त्यावर डोळे मिटून विसंबावेसे वाटते, पण दोन ठिकाणी तो दगा देतो. ‘येऊ देणे’ यासाठी ‘लेट’ऐवजी ‘अलाव’ वापरला तर ‘टु’ लागतो: ‘दे अलाउड हर टु कम’. उलट ‘त्याने मला थांबायला लावले’ यात ‘ला’ ढळढळीत दिसत असूनही ‘ही मेड मी वेट’ म्हणावे लागते. गंमत अशी, की ‘मला थांबायला लावले गेले’ असे वाक्य फिरवले की तोच ‘टु’ परत येतो: ‘आय वॉज मेड टु वेट’.

सर्वांत जास्त अडखळायला होते ते ‘त्याने यावे असे मला वाटते’ या घडणीत. इथे क्रियापदाला ‘ला’ही नाही आणि ‘ऊ’ही नाही, त्यामुळे शिकणारा ‘आय वॉन्ट दॅट ही शुड कम’ असे काहीतरी जोडतो. यावरचा माझा उपाय असा, की आधी मराठी वाक्यच बदलून ‘मला तो यायला हवा आहे’ असे करावे. ‘यायला’ आला की ‘टु कम’ आपोआप सुचते आणि ‘आय वॉन्ट हिम टु कम’ तयार होते. यातला ‘हिम’ दुहेरी काम करतो: हवा आहे तो तोच आणि येणाराही तोच.

‘टु’ दर वेळी क्रियापदाचाच असतो असेही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांच्याविषयी ‘त्यांना चीनला जखमी सैनिकांवर उपचार करायला पाठवले’ हे वाक्य घ्या. ‘दे सेन्ट हिम टु चायना टु ट्रीट वूंडेड सोल्जर्स’ यात पहिला ‘टु’ ‘चीनला’मधला आहे, दुसरा ‘करायला’मधला आहे आणि आदरार्थी ‘त्यांना’चा ‘ना’ नेहमीप्रमाणे ‘हिम’मध्ये विरघळला आहे.

‘स्टॉप’ या क्रियापदाचा फरक मराठी कान लगेच ओळखतो. ‘चहा प्यायला थांबलो’ म्हणजे ‘आय स्टॉप्ड टु ड्रिंक टी’ आणि ‘चहा प्यायचे सोडले’ म्हणजे ‘आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांच्यानंतर मात्र मराठीत काहीही असले तरी ‘इंग’चेच रूप घ्यावे.

सरावासाठी दिवसभरात स्वतः बोललेली पाच मराठी वाक्ये रात्री वहीत लिहावीत, त्यांतल्या ‘ला’ आणि ‘ना’खाली रेघ मारावी आणि मगच इंग्रजी करावे. त्या मुलीच्या वहीतले परवाचे वाक्य होते ‘त्यांना चादरी सोमवारपर्यंत पाठवायला सांगा, पण बिल आत्ता करू नका’. रेघा दोन पडल्या, ‘टु’ एकच आला: ‘टेल देम टु सेन्ड द चादर्स बाय मन्डे, बट डोन्ट मेक द बिल नाऊ’.