सर्च बॉक्समध्ये सजेशन्स येत नाहीत? आधी या चुका टाळा

कोणाचाही ऑटोकम्प्लीट (टाइप करताना खाली सजेशन्स दाखवणारा बॉक्स) बिघडला की तो ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमध्येच डोकं खुपसून बसतो. अरे, आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा, सर्व्हरकडून काय येतंय ते बघा. उत्तरच रिकामं असेल तर जावास्क्रिप्टला कशाला छळताय?

मराठी नावं असली की एक घोळ हमखास होतो. एका दुकानाच्या साइटवर डिलिव्हरीचं गाव निवडायचा बॉक्स होता, 'क' टाकला की कऱ्हाड दिसायचं आणि 'कऱ्हा' टाकलं की गायब. पोरांनी प्लगइन बदललं, लायब्ररी बदलली, शेवटी सर्व्हर बदलायची भाषा सुरू झाली. मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हेक्स फंक्शन लावून त्या नावाचे नुसते बाइट्स (साठवलेले कच्चे आकडे) बघितले. टेबलात साधा र, हलंत आणि त्याच्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडून दाखवायची खूण), आणि गिऱ्हाईक मोबाइलवरून टाकत होतं ते सरळ ऱ आणि हलंत. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम! युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) लावूनही हे सुटत नाही, ते नुक्तावाला (खाली टिंब दिलेला) र आणि ऱ एक करतं, जॉइनर तसाच राहतो.

मी सर्चसाठी वेगळा कॉलमच ठेवतो. र्-जॉइनर दिसला की ऱ् करायचं, उरलेले जॉइनर उडवायचे, आणि युजरने टाइप केलेलं पण त्याच फंक्शनमधून काढायचं. दाखवायला मूळ नाव. टेबल एकदा हाताने साफ केलं की झालं असं वाटत असेल तर थांबा, पुढच्या आठवड्यात कोणीतरी एक्सेलमधून नवीन गावं ओततंच.

दुसरा घोळ म्हणजे युजर 'पुणे' टाइप करत असतो आणि सर्व्हरकडून 'पु'चं उत्तर 'पुणे'च्या उत्तरानंतर येऊन यादी पुसून टाकतं. ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स (टाइपिंग थांबेपर्यंत रिक्वेस्ट रोखून धरणं) लावला म्हणून हे जात नाही, ब्राउझरच्या अबॉर्टकंट्रोलरने आधीची रिक्वेस्ट रद्द करा. स्वतःच्या मशीनवर सगळं सुसाट असतं म्हणून हे कळतच नाही, मी नेटवर्क मुद्दाम स्लो करून बघतो.

डेटाबेसच्या क्वेरीत नाव जुळवणाऱ्या लाईकमध्ये शब्दाच्या दोन्हीकडे टक्का (%) लावला की साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) वापरला जात नाही, टक्का फक्त शेवटी. सजेशनवर क्लिक होत नसेल तर ब्लर (बॉक्सवरून फोकस जाणं) आधी होऊन यादी बंद होतेय, क्लिकऐवजी माउसडाउन (बटण दाबल्याचा क्षण) पकडा. सजेशन्सचं लिमिट १० पुरे.

आणि युजरचा मजकूर थेट क्वेरीत चिकटवून "नंतर करू सेफ" म्हणणाऱ्यांचा कोड मी बघतच नाही, आधी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि युजरचा मजकूर वेगळे ठेवणं) लावून या.